उजव्या हाताचा खांब

हेजचं लाकूड चिरलं की आतून हळकुंडासारखं पिवळं निघतं, आणि त्याचा भुसा एकदा अंगावर बसला की हलायचं नाव घेत नाही. एल्डन कसालच्या भुवया अख्खा हिवाळा पिवळ्या होत्या. कुत्रं पिवळं, कॉफी पिवळी, चर्चला जायच्या शर्टाची कॉलर पिवळी. "कावीळबिवीळ झाली की काय रे तुला?" असं नोव्हा ताबोर गावातल्या झाडून सगळ्यांनी विचारून घेतलं, आणि एल्डननं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "छे, कुठं काय!" आता 'कुठं काय' म्हणणाऱ्या माणसाकडे काहीतरी असतंच, हे न कळायला गाव काही दूधखुळं नाही.

होतं ते त्याच्या शेडमध्ये, लेथवर होतं. पूल खेळायची काठी. तशा एल्डन पुष्कळ काठ्या बनवायचा. उन्हाळ्यात गहू आणि गुरं, हिवाळ्यात काठ्या, असा पंचेचाळिशीच्या या ब्रह्मचाऱ्याचा संसार. थेट विचिटाहून लोक त्याच्याकडे काठ्या करून घ्यायला यायचे. पण ही काठी गिऱ्हाइकाची नव्हती. ही होती लिओना ह्रुबीसाठी.

लिओना म्हणजे त्याची बांधाला बांध लागून शेजारीण. शहरात बरीच वर्षं नर्सची नोकरी केली आणि म्हाताऱ्या बापाला सांभाळायला शेतावर परत आली. आल्या आल्या पहिल्याच रविवारी लुडीआत्याच्या बारमध्ये शिरली, कोट काढून खुर्चीवर टाकला, पूलच्या टेबलावर गावातल्या चार बढाईखोरांना एकामागून एक घरी पाठवलं आणि काठीच्या टोकाला खडू घाशीत म्हणाली, "अजून कुणी आहे, की झाले सगळे?" एल्डन तेव्हा कोपऱ्यात टोमॅटोचा रस घातलेली बियर पीत बसला होता. तो त्या क्षणी जो गेला तो गेलाच! त्याला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत तो तिच्याशी गव्हाबद्दल बोलला, गारांबद्दल बोलला, तिच्या बैलाच्या खुरांबद्दल तर तासतासभर बोलला. जे बोलायचं ते सोडून सगळं बोलला. माणूस वाईट नव्हता हो, पण जीभ म्हणजे नुसता दगड.

आणि मग गेल्या सप्टेंबरात लिओनाच्या कोठीघरात बोक्याएवढा आणि तसाच चोरटा एक रॅकून शिरला. तिनं हाताला लागलं ते उचललं आणि हाणलं. लागली हाताला नेमकी तिची काठी. रॅकून खसखस भरलेले दोन गोड पाव, आमचे कोलाचे, तोंडात धरून मजेत निघून गेला, काठी मात्र उभी चिरली. तेव्हापासून ती बारमधल्या भिंतीवरच्या वाकड्यातिकड्या काठ्यांनी खेळायची आणि खेळताना ज्या शिव्या द्यायची त्या फादरना ऐकू येऊ नयेत म्हणून लुडीआत्या संगीत मोठं करायची.

"बघ," लुडीआत्या एल्डनला म्हणाली होती. लुडी पोकॉर्नी त्याच्या बापाची थोरली बहीण, बार तिचा, आणि तिची जीभ म्हणजे भाच्याच्या वाट्याचीही तिनंच घेतलेली. "देवानं तुझ्यासाठी रॅकून पाठवला. आणखी काय पाठवावं म्हणतोस, देवदूत? तिला एक काठी करून दे."

"देईन की."

"देशील आणि वर गव्हावर बोलून येशील. मला माहितीय तुझं. नमनाला घडाभर तेल! ऐक एल्डन, मे महिन्यातल्या पूलच्या सामन्याच्या दिवशी काठी द्यायची आणि बोलायचं. नाही बोललास, तर मी अकॉर्डियनवाल्याच्या हातातला माइक घेईन आणि अख्ख्या गावासमोर तुझ्या वतीनं बोलेन."

"आत्या, तू असं करणार नाहीस."

"मी? मी तुझ्या काकाचं लग्न असंच जमवलंय. विचार त्याला."

ते खरंच होतं. म्हणून एल्डन कामाला लागला.

आता काठीची मूठ करायला हेजसारखं लाकूड नाही. पुस्तकात त्याला ओसेज ऑरेंज म्हणतात, पण कॅन्ससात असं कुणी म्हणालं तर लोक त्याला विचारतात, "मुक्काम किती दिवस?" आमच्याकडे ते हेज. खांब पुरला तर शंभर वर्षं टिकतो, मग उपटून उलटा पुरा, आणखी शंभर टिकतो, असं म्हातारे सांगतात. करवतीचे दात खातं, चुलीत घातलं तर फटाक्यासारखं तडतडतं, आणि मुख्य म्हणजे नीट सुकलं असेल तर टिचकी मारल्यावर गातं. काठी करणाऱ्याला ते गाणं हवं असतं, कारण चेंडूला बसलेला टोला त्यातूनच खेळणाऱ्याच्या तळहातापर्यंत येतो. पण ताजं हेज लबाड. सुकता सुकता वाकतं, चिरतं, काठी देऊन झाल्यावर वर्षानं तोंड वाकडं करतं. वाकायचं ते वाकून, रुसायचं ते रुसून झालेलं लाकूड पाहिजे असेल तर एकच जागा. जुनं कुंपण.

म्हणून ऑक्टोबरात एक दिवस एल्डन हातोडी घेऊन कसाल आणि ह्रुबी यांच्या मधल्या कुंपणावरून खांबाखांबाला ठोकत चालला. खांबाच्या डोक्यावर एक टोला, मग कान लावायचा. ठक्क. ठक्क. ठक्क. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की डॉक्टर म्हाताऱ्यांच्या छात्या तपासतोय. आणि तळ्याच्या अलीकडे एका खांबावर हातोडी पडली तर, टण्ण! चर्चची घंटा गोधडीत गुंडाळून वाजवावी तसा आवाज. एल्डनला हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. त्यानं त्या खांबाला मिठी मारली. गुरं बघत होती, बघू देत.

पण तो पडला प्रामाणिक माणूस. खांब कुणाचा, हे आधी बघायला हवं. कुंपण दोघांचं असतं तेव्हा आमच्याकडे रीत अशी की दोन्ही शेजाऱ्यांनी कुंपणाच्या मध्यावर आपापल्या जमिनीत समोरासमोर उभं राहायचं. ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग, तो त्यानं सांभाळायचा. आजोबांपासून चालत आलेलं, कागदबिगद काही नाही. कुंपण कच्चं असेल तर दरवर्षी दुरुस्ती निघते आणि आपला अर्धा भाग कुठला हे माणूस झोपेतही विसरत नाही. पण हेजचं कुंपण कधी मोडतच नाही! मग कोणता अर्धा कुणाचा, हे लक्षात राहणार कसं? एल्डन मध्यावर गेला, कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला, उजवा हात लांब केला. तळ्याकडचा अर्धा उजव्या हाताला. म्हणजे खांब आपला. हुश्श! त्यानं खांब उपटला, खड्ड्यात ताजा तोडलेला हेजचा नवा खांब रोवला, तारा ठोकल्या आणि शीळ घालत घरी गेला.

पुढचा हिवाळा कसा गेला ते भुवयांनी सांगितलंच. खांबाच्या पोटात एक जुना खिळा दडला होता, त्यानं लेथचं एक पातं खाल्लं. एल्डननं थोडं थोडं तासलं, टांगून ठेवलं, पुन्हा थोडं तासलं. लाकूड केसभरही हललं नाही. पुढचा बारीक भाग मेपलचा केला, मागची मूठ हेजची. तेल लावून खिडकीत धरली तर अशी झळकली की कुत्रं भुंकलं.

आणि उजाडला सामन्याचा रविवार. मास सुटली आणि गाव चर्चमधून सरळ लुडीआत्याच्या बारमध्ये ओतलं गेलं. सॉसेज, आंबट कोबी, कोलाच्यांची ताटं, अकॉर्डियनवर पोल्का, आणि पोल्काच्या तालावर ज्यांना नाचता येत होतं ते आणि ज्यांना अजिबात येत नव्हतं तेही नाचत होते. एल्डन दाराशी उभा. हातात लांबट पेटी, काखेत घामाची तळी.

लुडीआत्या ग्लास पुसत होती. तिनं माइककडे नुसती नजर टाकली. एल्डनचे पाय आपोआप चालायला लागले.

लिओना टेबलाशी भिंतीवरच्या काठ्या एकेक करून टेबलावर घरंगळवून बघत होती. "ही बघ," ती म्हणाली, "हिला तर कुबड आलंय. एल्डन, हे काय? शवपेटी कुणाची आणलीस?"

"तुझी," एल्डन म्हणाला.

"माझी शवपेटी?"

"नाही! नाही, काठी. तुझी. आत आहे. मी केली. तुझ्यासाठी. रॅकूनमुळे."

एका दमात सात वाक्यं, आणि त्यात ना गहू ना बैल, असं आजवर कुणी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लिओनानं पेटी उघडली. तिनं काठीचे दोन तुकडे एकमेकांत फिरवून जोडले, मूठ कानाशी धरली, नखानं टिचकी मारली. ऐकलं. पुन्हा मारली. मग टेबलावर वाकली आणि चेंडूंच्या त्रिकोणात असा काही टोला घातला की दोन चेंडू एकदम खड्ड्यांत गेले आणि जवळचा एक नाचणारा दचकून थांबला.

"अगं बाई!" ती म्हणाली. हसू तिच्या तोंडावर मावेना. "एल्डन! हातात काही आहे असं वाटतच नाही, आणि वाजते तर कशी बघ! कुठून आणलंस हे लाकूड?"

"आपल्या कुंपणातून," एल्डन छाती काढून म्हणाला. "तळ्याजवळचा खांब."

मग त्यानं घसा खाकरला. आता. आताच. पोल्का संपत आली होती, लुडीआत्या माइककडे सरकत होती. "लिओना," तो म्हणाला, "मला काय म्हणायचंय, यंदा गहू…"

"गहू घाल चुलीत!" लुडीआत्या बारच्या मागून ओरडली.

आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात लिओनाचा बाप, अँटन ह्रुबी, वय शहाऐंशी, टोपी तिरकी, डोळ्यांत अंगार. मासला दांडी मारून म्हातारा सकाळपासून पिकअपमधून कुंपण बघत फिरला होता, कारण उद्या गुरं कुरणात सोडायची होती.

"खांब चोरला!" तो गरजला. अकॉर्डियन मध्येच मेलं. "माझ्या कुंपणातला खांब चोरला कुणीतरी! माझ्या बापानं रोवलेला. त्याच्या जागी अंगावर साल असलेलं कवळं पोरटं उभं करून ठेवलंय. एवढ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत एकाला मिसरूड फुटलेलं मला दिसणार नाही असं वाटलं का त्याला? कोण आहे तो गुरांचा चोर?"

"गुरं कुठं चोरलीत, अँटन? खांब म्हणालास ना?" कुणीतरी म्हणालं.

"आज खांब चोरतोय, उद्या गुरं चोरेल!"

एल्डनचा चेहरा भुवयांच्या रंगाचा झाला. पण तो पडला प्रामाणिक, मगाशीच सांगितलं. "अँटनकाका," तो म्हणाला, "तो मी नेला. पण चोरला नाही. तो माझ्या अर्ध्यातला होता."

"तुझ्या अर्ध्यातला? तळ्याकडचा अर्धा तुझा?"

"मी रीतीप्रमाणं बघितलं ना काका! मध्यावर उभा राहिलो, उजवा हात लांब केला. खांब उजव्या हाताला होता. देवाशप्पथ."

"चोर तो चोर, वर शिरजोर! चल, दाखव." म्हाताऱ्यानं लिओनाच्या हातातली नवी काठी घेतली आणि टेबलाच्या मधोमध, लांबीच्या दिशेनं ठेवली. "हे कुंपण. तिकडं संगीताची पेटी ते तळं, इकडं दार तो रस्ता." मग काळा चेंडू उचलून काठीच्या तळ्याकडच्या अर्ध्यावर ठेवला. "हा खांब. माझं शेत खिडकीच्या बाजूला, तुझं बारच्या बाजूला. हो उभा आपल्या शेतात!"

सगळं गाव टेबलाभोवती जमलं. ज्यांना दिसेना ते खुर्च्यांवर चढले. अँटन खिडकीच्या बाजूला उभा राहिला, एल्डन बारच्या बाजूला, मध्ये काठी.

"काढ उजवा हात," म्हातारा म्हणाला.

दोघांनी उजवे हात लांब केले. म्हाताऱ्याचा हात गेला थेट काळ्या चेंडूवर. एल्डनचा हात गेला दाराकडे, आणि तिथं कुणाच्या तरी बियरच्या ग्लासाला लागला.

एल्डननं हाताकडे बघितलं. चेंडूकडे बघितलं. पुन्हा हाताकडे बघितलं. "असं कसं होईल?" तो पुटपुटला. "त्या दिवशी तर…"

हसण्याचा असा काही स्फोट झाला की छताचा पंखा हलला. पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी आणि त्याला आपला उजवा हात कळेना! "त्याच्या हातांवर आर आणि एल लिहून द्या!" "अरे, ट्रॅक्टर तरी उजव्या बाजूनं चालवतोस ना?" एक जण तर हसता हसता कोलाच्यावरच बसला.

फक्त लिओना हसत नव्हती. तिच्या कपाळाला आठी पडली होती, आणि ती टेबलाकडे बघत होती. एल्डनला ती आठी दिसली. संपलं! तिच्या आजोबांनी रोवलेला खांब चोरला, तासून तिच्याच हातात दिला, आणि वर गावासमोर शोभा. आता कसलं बोलणं आणि कसलं काय.

"थांबा," लिओना म्हणाली. "थांबा सगळे. एल्डनला आपला उजवा हात चांगला कळतो. तो रोज त्या हातानं काठ्या करतो." ती टेबलाला वळसा घालून आली. "एल्डन, तू त्या दिवशी उभा कुठं होतास?"

"मध्यावर."

"मध्यावर कुठल्या बाजूला? तुझ्या शेतात, की आमच्या?"

ऑक्टोबरातली ती दुपार एल्डनच्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली. हातोडी घेऊन निघण्याआधी तो ह्रुबींकडे कोलाच्यांचं रिकामं ताट परत द्यायला गेला होता. लिओना कणीक मळत होती, नाकाच्या शेंड्यावर पीठ, आणि बैलाबद्दल काहीतरी सांगता सांगता ती जी खळखळून हसली, ते हसू डोक्यात घेऊन तो मागच्या दारानं निघाला आणि त्यांच्याच कुरणातून कुंपणाला लागला.

"तुमच्या," तो म्हणाला.

कळायला अर्धं मिनिट लागलं काहींना, पण कळलं सगळ्यांना. जन्मापासून कसालांच्या जमिनीवर वाढलेला माणूस मध्यावर जाऊन ह्रुबींच्या बाजूला उभा राहिला, ह्रुबींचा उजवा हात तो आपला उजवा हात समजला, आणि अख्खा हिवाळा त्याला त्यात काही चुकलं असं वाटलंसुद्धा नाही.

"आमच्या बाजूला काय करत होतास?" अँटननं विचारलं. आवाज अजून चढा होता, पण डोळे बारीक झाले होते.

लुडीआत्यानं माइक उचलला. एल्डननं तिच्याकडे बघून हात वर केला, डावा की उजवा ते जाऊ दे.

"मी नेहमीच तुमच्या बाजूला असतो, काका," तो म्हणाला. जीभ कोरडी पडली होती, पण चालत होती. "ताट द्यायला येतो. बैल बघायला येतो. बैलाला काही झालेलं नसतं, हे मलाही माहितीय आणि बैलालाही. लिओना आल्यापासून मी घरी नुसता झोपायला जातो. उरलेला वेळ मनानं तिकडंच. म्हणून चुकलं. खांबाचं मी काय हवं ते भरून देईन. पण बाकीचं चुकलं असं मला वाटत नाही."

कुणी हसलं नाही. लुडीआत्यानं माइक हळूच खाली ठेवला आणि एप्रनला डोळे पुसले, मग ग्लास पुसला त्याच एप्रननं.

लिओना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आठ वर्षं?" ती म्हणाली.

"आठ."

"आणि तोंडाला काय खिळे ठोकले होते? माझ्या बैलाची खुरं गावातल्या कुठल्याही बाईच्या नखांपेक्षा निगुतीनं राखलेली आहेत तुझ्यामुळे! मी दर वेळी ताट भरून कशाला पाठवत होते, गाढवा? तू ते रिकामं घेऊन परत यावंस म्हणून!"

आता मात्र बार फुटला. खुर्च्यांवरचे खाली पडले, अकॉर्डियनवाल्यानं भलताच सूर धरला. लिओनानं सगळ्यांना हातानं गप्प केलं आणि बापाकडे वळली.

"बाबा, खांब आपल्या अर्ध्यातला, हे नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय! सगळ्या गावासमोर दाखवलं."

"मग त्याची काठी झाली तीही आपली." तिनं टेबलावरून काठी उचलली आणि दुसऱ्या हातानं एल्डनच्या शर्टाची पिवळी कॉलर पकडली. "आणि मुद्देमालासकट सापडलेला चोर मी शेरीफला देत नाही. चोरही माझा."

आणि तिनं त्याला जवळ ओढून, फादर नुकतेच दारातून आत येत असतानाच, तोंडभर मुका घेतला. एल्डनला वाटलं आपण जमिनीवर नाही, आणि खरंच नव्हता, कारण कुणीतरी दोघांना उचलून टेबलाभोवती नाचवायला सुरुवात केली होती. लुडीआत्या माइकवर जाऊन एवढंच ओरडली, "बियर फुकट! पहिलीच फक्त!"

या सगळ्या गोंधळातून अँटन ह्रुबी आपली चालायची काठी टेकत एल्डनपर्यंत पोचला. टोपी सरळ केली. जावयाकडे बघावं तसं नव्हे, अजून चोराकडे बघावं तसंच बघितलं.

"खांब वाकडा रोवलायस," तो म्हणाला. "उद्या सकाळी येऊन सरळ कर. आणि ऐक. ये तो आमच्याच बाजूनं ये."